तुपाच्या जागी

२९ नोव्हेंबर १९९५

श्रीकांत आज घरी आले. अकरा दिवस इस्पितळात होते.

ऑटोतून उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही. फाटक धरलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले, जणू फाटकाचंच काही काम निघालं आहे. माईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाल्या, "बस, आला ना घरी." माई म्हणजे माझ्या सासूबाई. एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मुलाच्या छातीत काय झालं ते त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलंही नाही.

श्रीकांतचं वय सत्तेचाळीस. वीज मंडळात असिस्टंट इंजिनियर. सबस्टेशनवर खुर्चीत बसल्याबसल्या घाम फुटला, एवढंच.

निघताना डॉक्टरांनी इंग्रजीत छापलेला एक पर्चा दिला. काय खावं, काय खाऊ नये. म्हणाले, "मैडम, दवा मेरी. बाकी सब आपकी रसोई."

स्वयंपाकघर माझं नाही, माईंचं आहे. मी दहाला कॉलेजात जाते, मुलींना संस्कृत शिकवते, चारला परत येते. मधल्या वेळात काय शिजलं ते मला भांड्यांवरून कळतं.

ही वही नवी आहे. मला भीती वाटते, आणि ती घरात बोलायची सोय नाही.

२ डिसेंबर

पर्चा मराठीत केला. माईंना इंग्रजी येत नाही.

आधी असं लिहिलं: प्राणिज स्निग्ध पदार्थ वर्ज्य करावेत. त्यांच्या स्थानी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांचा परिमित उपयोग करावा.

माईंनी चष्मा लावून वाचलं. "स्निग्ध म्हणजे?"

"तूप, लोणी, असं."

"मग तूप लिही ना. मला काय परीक्षेला बसायचंय?"

श्रीकांत कॉटवरून म्हणाले, "आई, परिमित म्हणजे काय तेही विचारून घे. इकडे माझं आयुष्यच परिमित होऊन राहिलंय."

कुणी हसलं नाही.

परत लिहिलं. तीन ओळी.

तूप, लोणी, साय बंद.
तुपाच्या जागी वनस्पती.
तेलकट बंद.

माईंनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "आता समजलं." कागद स्वयंपाकघरात खिळ्याला टोचला.

मूळ शब्द 'व्हेजिटेबल' असा होता. म्हणजे भाजी नव्हे, झाडापासून आलेलं. त्याला वनस्पती हाच शब्द. संस्कृतात त्याचा जुना अर्थ, फुलाशिवाय फळ येतं ते झाड. चांगला शब्द आहे. अख्ख्या वाक्याचं ओझं त्यानं एकट्यानं उचललं. अनुवाद जमला की मला बरं वाटतं. दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा बरं वाटलं.

४ डिसेंबर

घरी आले तर तुपाची बरणी घासून पालथी घातलेली. तिच्या जागी वनस्पतीचा दोन किलोचा डबा.

मी थबकले. लग्नाकार्यात आचारी वापरतात ते हे. आमच्या माहेरी कधी येत नसे. वडील त्याला नकली तूप म्हणत.

माई म्हणाल्या, "तूच लिहिलंस."

डबा उचलून वाचला. त्यावर इंग्रजीत 'व्हेजिटेबल' आहे. प्राणिज चरबी नाही, असंही लिहिलं आहे. पर्च्याशी शब्दाला शब्द जुळतो. वडिलांचं म्हणणं चवीपुरतं होतं. इथे प्रश्न चवीचा नाही.

सोयाबीनच्या तेलाचा डबा माईंनी भांडेवाल्या बाईला देऊन टाकला. "तेलकट बंद म्हटल्यावर तेल ठेवायचं कशाला? तसाही वास मारतो मेला." फोडणीसुद्धा आता वनस्पतीतच.

इतकं नेमकं पथ्य क्वचित कुणाच्या घरी होत असेल.

१७ डिसेंबर

ते आंघोळीला गेले की मी दाराबाहेर उभी राहते. तांब्याचा आवाज थांबला की श्वास धरते. पुन्हा आला की निघून जाते. त्यांना हे कळलं आहे. आज आतून म्हणाले, "आहे अजून. साबण लावतोय."

जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या शर्टात, माझ्या पर्समध्ये, उशीखाली आणि देवघरात ठेवली आहे. माई रोज देवघरातली गोळी उचलतात, पुसतात आणि परत ठेवतात. बहुतेक तिलाही नमस्कार करतात.

जेवल्यावर टाळूला मेण लागल्यासारखं होतं, म्हणाले. औषधांमुळे असेल. गरम पाणी प्यायला दिलं.

२१ जानेवारी १९९६

आमच्याकडे हळदीकुंकू झालं. वाण म्हणून मी त्या तीन ओळी दिल्या. टावर चौकात झेरॉक्स काढून वरून प्लास्टिक चढवून घेतलं. माई आदल्या दिवसापासून नाराज होत्या. "वाणात कागद कोण देतं? लोक म्हणतील, मास्तरीण आहे." पण सगळ्या जणींनी वाचला. एकतीस जणी आल्या होत्या. आमच्या फ्रीगंजातली बहुतेक मराठी घरं.

अक्कांनी दोनदा वाचला. अक्का पासष्टीच्या आहेत. त्यांच्या यजमानांना, भय्यासाहेबांना, सगळं गाव ओळखतं. घराण्यात कुणी दरबारात चिटणीस होतं, आणि ते अजून तसेच बसतात. त्यांचं वय बहात्तर, साखर आहे. चढ चढले की छातीत भरून येतं. तुपाशिवाय त्यांचा घास उतरत नाही.

"हे तुझ्या श्रीकांतच्या डॉक्टरांचं आहे?"

"हो. मी फक्त मराठी केलं."

"लोक वाणात प्लास्टिकच्या डब्या देऊन राहिले, नंदा. तू जीव दिलास."

रात्री भांडी आवरताना ते वाक्य आठवत होतं. आपल्यावर आलेलं संकट असं कुणाच्या उपयोगी पडलं तर भीती थोडी कमी होते का, असं वाटलं. झाली नाही.

१७ फेब्रुवारी

शिवरात्र. गल्लीतून पहाटेपासून माणसं महाकाळाकडे जात होती.

श्रीकांतनी उपास करू नये असं माझं मत होतं. माईंनी ऐकलं नाही. साबुदाण्याची खिचडी केली. वनस्पती उपासाला चालतं का, असं मी विचारलं.

"चालायला काय झालं? झाडाचंच आहे. फळासारखं."

दोन वाट्या खाल्ली त्यांनी. हवी होती म्हणून नाही. माई बघत होत्या म्हणून.

११ मार्च

रक्ताचा रिपोर्ट. कोलेस्टेरॉल नोव्हेंबरात दोनशे अठ्ठावन्न होतं. आज दोनशे ब्याऐंशी.

डॉक्टरांनी विचारलं, "घी बंद है?"

"पूरा बंद."

"मक्खन, मलाई?"

"बंद."

"तला हुआ?"

"तेल तो घर में है ही नहीं, डॉक्टर साहब."

त्यांनी श्रीकांतकडे पाहिलं आणि हसले. "तो फिर साहब बाहर खाते हैं."

"नहीं खाता."

"सब यही कहते हैं."

परत येताना पुलावर गाडी अडली. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. ओठ चकचकीत दिसत होते. उन्हामुळेही दिसले असतील.

१४ मार्च

ते ऑफिसातून आल्यावर त्यांचा शर्ट धुवायला घेतला आणि आधी हुंगला. घाम, सिगरेट (दुसऱ्या कुणाची), लोखंड. डाव्या बाहीला हिंगासारखा वास होता. किंवा मला वाटला.

हे मी लिहून ठेवते आहे कारण मला त्याची लाज वाटते.

२ एप्रिल

संध्याकाळी ते फिरायला जातात. डॉक्टरांनीच सांगितलं आहे. आज त्यांच्या मागे गेले. हातात पिशवी घेतली होती, कुणी भेटलं तर भाजी आणायला निघाले म्हणायला.

टावर चौकापर्यंत सरळ गेले. कचोरीवाल्यासमोर थांबले. कढईत कचोऱ्या फुगत होत्या. ते कढईकडे बघत होते, मीटर वाचावं तसे, मान किंचित पुढे काढून. मी रस्त्याच्या पलीकडे बांगड्यांच्या दुकानाशी उभी होते. मध्ये मुलांचं टोळकं आलं. ते सरकलं तेव्हा श्रीकांत पुढे चालू लागले होते.

तेवढ्या वेळात त्यांचे हात मला दिसले नाहीत.

२० मे

कोलेस्टेरॉल आज तीनशे एक. वजन पाच किलोनं उतरलं आहे.

दिवसभर विचार केला. वजन उतरतं, कारण घरी नीट जेवत नाहीत. आकडा चढतो, कारण बाहेर खातात. दुसरा अर्थ निघत नाही.

जेवताना विचारलं. माई वाढत होत्या.

"बाहेर काय खाता?"

"काही नाही."

"मी पाहिलंय. टावर चौकात. कचोरीवाल्यापाशी."

घास हातात धरून ते थांबले. "तू माझ्या मागे आली होतीस?"

"काय खाल्लं ते सांगा."

"वास घेतला. रिपोर्टात वास पण येतो का?"

माई म्हणाल्या, "श्रीकांता, सकाळपासून मी तुझ्यासाठी वेगळं रांधते. तुपाचा थेंब नाही त्यात. आणि तू…"

"आई, तू पण?"

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्याकडे रोज येतात. साहेब, बिल जास्त आलं, आम्ही इतकी जाळलीच नाही. आम्ही म्हणतो, खोटं बोलता. रोज म्हणतो. मग एखाद्याच्या घरी खांबावर चढून पाहिलं की निघतं, त्याच्या लाइनवर शेजाऱ्यानं तार टाकलेली. चढून बघ, नंदा."

"मला कोडी घालू नका. मला तुम्ही जिवंत हवे आहात."

"मी खाल्लं नाही."

"आकडा खोटा आहे?"

ताट सारून उठतील असं वाटलं होतं. उठले नाहीत. पानातलं सगळं संपवलं, वरणभाताचं शितन्‌शीत. तेच मला जास्त लागलं.

२३ मे

फिरायला जाणं त्यांनी बंद केलं आहे. ऑफिसातून येतात आणि ओट्यावर बसतात. बोलत नाहीत. सुधाकर, त्यांचे ऑफिसातले मित्र, हाक मारायला आले तर म्हणाले, "मला परवानगी नाही."

सुधाकर माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही.

निदान नजरेसमोर आहेत.

१३ जून

भय्यासाहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले होते. अक्का चारला चहासाठी उठवायला गेल्या.

आम्ही तिघं गेलो. घर माणसांनी भरलं होतं. अक्का भिंतीशी बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं. माझा हात हातात घेऊन, आलेल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिनं दिलेला कागद देवघरापाशी लावलाय. एक दिवस चुकवलं नाही मी. तूप म्हणून रागावायचे, ताट फेकायचे, पण दिलं नाही. नाहीतर शिवरात्रीला छातीत भरून आलं तेव्हाच गेले असते."

बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी मान खाली घातली.

घरी येताना एकच गोष्ट मनात होती. इतकं पथ्य पाळूनही माणूस जातो. मग जो पाळत नाही त्याचं काय?

आल्यावर श्रीकांतचे सगळे शर्ट काढून खिसे पाहिले. एका खिशात बसचं तिकीट होतं. देवास गेट. देवास गेटला कशाला गेले होते?

१४ जून

मीटरच्या तक्रारीसाठी गेले होते. सुधाकरना विचारलं. मी विचारल्याचं त्यांनी श्रीकांतना सांगितलं.

५ ऑगस्ट

आज महाकाळाची पहिली सवारी, श्रावणातली पालखी. कॉलेज लवकर सोडलं.

साडेतीनला घरी आले. श्रीकांत पायरीवर बसले होते. रजा घेतली होती. हात जबड्यावर. दात दुखत असेल असं मला वाटलं, म्हणजे वाटावं असं वाटलं. त्यांनी मान हलवली. "तिकडून खाली येतंय. हातात."

गोळी दिली. माझा हात स्थिर होता. पुढे काय करायचं ते नऊ महिने रोज मनात करून पाहिलेलं होतं, त्यामुळे.

दवाखाना देवास गेटच्या पलीकडे. ऑटो पुलापर्यंत ठीक गेला. पूल उतरल्यावर माणसांची भिंत. स्टँडवरून बसगाड्या रिकाम्या होत होत्या आणि सगळे एकाच दिशेला चालले होते. ऑटोवाला म्हणाला, "बहनजी, अब ये नहीं हिलेगी."

उतरलो. श्रीकांत मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला माई. माई अनवाणी निघाल्या होत्या हे तेव्हा दिसलं. गर्दीतले लोक त्यांच्या पायांकडे बघून बाजूला होत. "अम्मा को रास्ता दो, दर्शन को जा रही हैं." माई मोठ्यानं "हो, हो" म्हणत होत्या. श्रीकांतचं अंग थंड आणि ओलं होतं. पाचशे पावलं असतील. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबले असते.

डॉक्टरांनी आत घेतलं. पडदा ओढला. तारा लावल्या. माई आणि मी बाकावर बसलो.

बऱ्याच वेळानं बाहेर आले. "नया अटैक नहीं है. पर अच्छा भी नहीं है. मैडम, मैं पूछ-पूछकर थक गया. ये खाते क्या हैं?"

मी सांगू लागले. त्यांनी मला थांबवलं आणि माईंसमोर स्टूल ओढून बसले. "माताजी, खाना आप बनाती हैं?"

"हाँ. मेरे हाथ से. दुसरे कोणाच्या नाही."

"कैसे बनाती हैं? दाल का छौंक किसमें?"

"वनस्पती में."

"सब्ज़ी?"

"वनस्पती में. पोळीला पण तेच. भात में एक चमचा. घी का थेंब नाही, तेल का थेंब नाही. सब वनस्पती."

"वनस्पति मतलब… सोयाबीन का तेल?"

"नाही नाही. डब्बेवाला. जमा हुआ." माईंनी दोन्ही हातांनी डब्याचा आकार दाखवला. त्यांचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आपको किसने कहा?"

"आपने. पर्चे में है. व्हेजिटेबल फॅट."

त्यांनी खणातून पर्चा काढला आणि ती ओळ शोधली. बोट तिथेच ठेवून म्हणाले, "ऑइल लिखना था. बहुत पुराना छपा है, किसी ने देखा नहीं. मैंने भी नहीं. पर मैडम, डब्बा! वह तो तेल को जमाकर बनाते हैं. नई जाँचें तो कहती हैं, घी से भी बुरा. और आप आठ महीने से तीनों टाइम…"

पुढचं मी ऐकलं नाही. पर्च्याकडे बघत होते. तेलकट टाळा, असं खाली होतं. त्याचा अर्थ तळलेलं टाळा, एवढाच होता. पाचवीतल्या मुलीला कळला असता. मी शब्दाला शब्द जुळवला होता. डबा हातात घेऊन जुळवला होता.

"कितना नुक़सान हुआ?" मी विचारलं.

"पता नहीं. कोई नहीं बता सकता. हो सकता है बहुत, हो सकता है कुछ ख़ास नहीं."

"और कोई बहत्तर साल का हो? शुगर भी हो?"

"किसकी बात कर रही हैं?"

"किसी की नहीं."

पडद्याआडून आवाज आला. आधी मला वाटलं, कण्हत आहेत. श्रीकांत हसत होते. नर्स म्हणाली, "बाबूजी, हँसिए मत, तार हिल रहे हैं."

६ ऑगस्ट

माई स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर बसल्या आणि मी विचारलं तेवढंच सांगितलं. मीठ कुठे आहे, मोहरी कुठे आहे. एकदा फक्त आपले तळवे उलटे करून पाहिले.

डबा मी उचलला. टाकायचा कुठे ते कळेना. गाईपुढेही टाकवेना.

दुपारी श्रीकांतच्या कॉटपाशी बसले. "मी तुम्हाला चोर ठरवलं."

"हं."

"तुम्ही सांगत होतात."

"हं."

"काहीतरी बोला."

ते आढ्याकडे बघत होते. "काय बोलू? पहिल्या महिन्यात राग आला. मग मलाच वाटायला लागलं की खाल्लं असेल. झोपेत जाऊन खाऊन येत असेन. आकडा तर समोर आहे." मग म्हणाले, "ती वही आहे ना तुझी. त्यात लिही. श्रीकांतनं खाल्लं नव्हतं. तारीख घाल."

लिहिलं. सहा ऑगस्ट एकोणीसशे शहाण्णव. श्रीकांतनं खाल्लं नव्हतं.

"आणि नंदा, तो कागद. हळदीकुंकवाचा."

मला वाटलं होतं, त्यांना आठवणार नाही.

११ ऑगस्ट

चार दिवस घरोघर गेले. तीस घरं झाली.

एकीनं कागद पोळ्यांच्या डब्याखाली घातला होता. "मैडम, खरं सांगू? वाचलाच नाही. प्लास्टिक चांगलं आहे म्हणून ठेवला." तिच्या पाया पडावंसं वाटलं. एक म्हणाली, "आता वनस्पती पण नाही? मग परत तुपावर यायचं? एकदा काय ते ठरवा बुवा तुम्ही." एका घरी डबा ओट्यावरच होता, अर्धा. सासरे पलंगावर बसून टीव्ही पाहत होते. मी बोलत असताना ती बाई सारखी त्यांच्याकडे बघत होती, आणि मीही. ते हसून म्हणाले, "या, बसा, चहा घ्या."

कागद परत घेतले. पिशवीत तीस आहेत.

१३ ऑगस्ट

अक्कांकडे गेले. दोन महिने झाले भय्यासाहेबांना.

अक्का खाली बसून तांदूळ निवडत होत्या. देवघरापाशी कागद होता. कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं.

उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. शब्द कसा चुकला, माईंनी काय विचारलं, मी काय लिहिलं, डॉक्टर काय म्हणाले. त्यांचा हात परातीत फिरत राहिला. खडा सापडला की बाजूला टाकत.

"तुझे डॉक्टर काय म्हणाले? ह्यांचं त्यानंच झालं?"

"सांगता येत नाही, म्हणाले. कुणालाच सांगता येत नाही."

"मग तू का सांगून राहिलीस?"

तुम्हाला माहीत असावं म्हणून, असं काहीतरी म्हटलं.

"मला माहीत होतं ना." पहिल्यांदा वर पाहिलं. "मी त्यांना नीट ठेवलं, हे माहीत होतं. शेवटी तूप मागत होते. सणावाराला पण दिलं नाही. वाटलं, बोल मला, शिव्या दे, पण रहा. त्याच्यावर झोपते मी."

परात त्यांनी बाजूला सरकवली. मग ओढून पुन्हा पुढ्यात घेतली.

"श्रीकांत कसा आहे?"

"बरे आहेत."

"आत्ता जवळ कोण आहे?"

"माई. नाही, माई कथेला गेल्या आहेत."

"एकटा आहे?"

"हो."

"मग इथे काय करून राहिलीस? ऊठ. जा."

मी उभीच होते. पायरी उतरले. कोपऱ्यापर्यंत नीट चालत गेले, कारण मागून त्या बघत असतील असं वाटत होतं. कोपरा वळल्यावर धावू लागले. साडीचा काठ पायात येत होता. समोरून आमच्या कॉलेजच्या दोन मुली आल्या, "नमस्ते मैडम" म्हणाल्या. थांबले नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई रस्त्यातून धावते आहे, हे दुकानदार पाहत होते.

घरात रेडिओ लागला होता. त्यावरून काही ठरत नाही. कॉट रिकामी होती. स्वयंपाकघरात गेले. श्रीकांत खाली बसून कणीक मळत होते, कोपरापर्यंत पीठ. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. धाप लागली होती. दोनदा म्हणावं लागलं.